विहिरीची ओटी

लिंबायत, सुरत

प्रिय वर्षा,

तू म्हणशील, रोज फोन असतो तरी आईला पत्राचं काय सुचलं. तर फोनवर तू 'हं' म्हणतेस. मी काहीही सांगितलं तरी 'हं'. परवा मी मुद्दाम म्हटलं, आपल्या गल्लीत हत्ती आला होता, तरी तू 'हं, मग?' म्हणालीस. मागे तुझ्या हॉस्पिटलातला गलका ऐकू येतो, कोणीतरी 'मॅडम, मॅडम' करत असतं, आणि मी आपली आवरतं घेते. पत्राला 'हं' म्हणून ठेवून देता येत नाही. शेजारच्या रुक्मिणीचा सागर रविवारी पुण्याला निघालाय, त्याच्या पिशवीत हे घालते. सोबत तिळाचे लाडू आहेत आणि कागदात गुंडाळलेली एक पुडी आहे. पुडी आधी उघडू नकोस, आधी पत्र वाच. अडावदच्या शाळेत माझ्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे जरा लांबण लागली तर चालवून घे.

घरी सगळं बरं आहे. नानांचा खांदा थंडीत धरतो, ते नेहमीचंच. उत्तरायणला गच्चीवर चढून शेजारच्या पोरांना पतंगाला ढील कशी द्यायची ते शिकवत बसले, आणि दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले. दिवाळीत तू आलीस तेव्हा जो विषय निघाला आणि जेवण अर्धं टाकून तू उठलीस, तो मी इथे काढणार नाहीये, घाबरू नकोस. मला तुला एका विहिरीबद्दल सांगायचं आहे. ही विहीर मी नापास केली, असं सगळं पलसाणा म्हणतं. खरं तर ती नापास झालेली नाही, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

ठाकोरभाईंची पलसाण्यातली डाईंग मिल तू एकदाच पाहिलीस, नाना तिथे वॉचमन म्हणून लागले तेव्हा. कापड रंगवायचं आणि धुवायचं म्हणजे सारखं गरम पाणी, गरम पाण्याला बॉयलर, आणि बॉयलरला कोळसा. त्या कोळशाच्या भावाने मिलचं कंबरडं मोडलं. शेजारच्या दोन मिलना गेल्या वर्षी कुलूप लागलं. ठाकोरभाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की या वर्षी काही जमलं तर जमलं, नाहीतर आपलंही दार बंद. दोनशे माणसं आहेत तिथे, त्यातली निम्मी आपल्या लिंबायतची, आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले तुझे नाना. मग कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं की इथे जमिनीच्या पोटात खूप खोल कढत पाणी आहे. ते वर आणलं तर बॉयलरला आधीच तापलेलं पाणी मिळेल आणि कोळसा पुष्कळ वाचेल. मिलच्या मागच्या पडीक जागेत खणायचं ठरलं. विहीर म्हणजे आपली रहाटाची नव्हे, दीड किलोमीटर खोल जाणारी लोखंडी नळी. बाकीचे लोक हसत होते. मला मात्र पहिल्याच दिवशी पटलं. मी उनपदेवाच्या गरम झऱ्यांच्या कुशीतली मुलगी. जमिनीतून गरम पाणी येतं हे मला कोणी शिकवायला नको. लग्न झाल्यावर नानांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं तेही उनपदेवालाच, म्हणजे माझ्याच माहेराजवळ, आणि वर मलाच तिथली माहिती सांगत होते.

ड्रिलिंगवाल्या पोरांच्या जेवणाचं आणि चहाचं काम मला मिळालं. रोज सकाळी मिलच्या टेम्पोत डबे चढवायचे आणि नानांच्या शेजारी बसून पलसाण्याला जायचं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं रोज बरोबर कुठे गेलो नव्हतो. नाना मागावर उभे असायचे तेव्हा ते घरी यायचे तोवर माझे डोळे मिटलेले असायचे. टेम्पोत बसून ते मला रस्त्यावरच्या एकेका मिलची कुळकथा सांगायचे आणि मी डब्यांवर हात ठेवून ऐकायची. सांगायला हरकत नाही, मला मजा वाटत होती.

महिनोन्महिने नुसता चिखल आणि खडखडाट. मग एके दिवशी नळीतून वाफ आली, आणि तिच्यामागे पाणी. असलं कढत की पोरांनी त्यात अंडी उकडून खाल्ली. मला वाटलं, झालं, पाणी लागलं, आता नारळ फोडा. पण तसं नव्हतं. ठाकोरभाईंच्या मागे, विहीर फसली तर नुकसान भरून देणारा एक निधी उभा होता, आणि त्या निधीकडून शोभा मॅडम आल्या, पाणी मोजायला. नागपूरकडच्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि स्वभावाने वाळलेल्या खारकेसारख्या. मिलचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. माझ्याकडून घ्यायच्या आणि लगेच पैसे हातावर ठेवायच्या. म्हणायच्या, ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या घरचं खायचं नसते. पाणी सोडायच्या चाकाला त्यांनी स्वतःच्या हाताने सील ठोकलं, कारण काही लोक कुजबुजत होते की चाक जरा आवळलं तर पाणी कमी दिसेल, विहीर नापास होईल आणि निधीकडून जास्त पैसे सुटतील. दुसऱ्या बाजूला ड्रिलिंगवाला इंजिनियर विकास देव पाण्यात ठेवून बसला होता, त्याची पहिलीच मोठी विहीर, त्याला ती पासच हवी होती. मॅडम दोघांकडे सारख्याच नजरेने बघायच्या, म्हणजे संशयाने.

एका दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना विचारलंच, की मॅडम, पाणी तर आलं, मग परीक्षा कसली. तेव्हा त्या पहिल्यांदा नीट बोलल्या. म्हणाल्या, जमिनीखाली काय आहे हे खणल्याशिवाय कोणालाच कळत नाही, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नाही. पैसा मात्र खणायच्या आधी घालावा लागतो. म्हणून भिऊन कोणी खणतच नाही, आणि पाणी खालीच राहतं. मग हा निधी म्हणतो, तुम्ही नीट अभ्यास करा आणि खणा, फसलं तर नुकसानीतला मोठा वाटा आमचा. पूर्ण साधलं तर आम्ही एक पैसा देणार नाही, अर्धवट साधलं तर त्या हिशेबाने थोडं देऊ. पण साधलं म्हणजे काय आणि फसलं म्हणजे काय, हे पहिला खड्डा पडायच्या आधी ठरवायचं. मी म्हटलं, आधी कशाला, पाणी बघून ठरवू की. तर म्हणाल्या, उषाबाई, पाणी दिसल्यावर कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. ज्याला आशा असते त्याला जास्त दिसतं, ज्याला भीती असते त्याला कमी.

हे मला घरी येईपर्यंत पुरलं. तुला दिवाळीतलं काही आठवलं का? असो. मी म्हटलं ना, तो विषय काढणार नाही.

तर ठरलेलं माप असं होतं. लिटर-बिटर तुझं तू कर, मी बादल्यांत सांगते. पाणी कढत हवं, ते होतंच. आणि एका सेकंदाला दोन बादल्या पाणी आलं तर विहीर पास. एका बादलीपेक्षा कमी आलं तर नापास. मधलं काही आलं तर अर्धी पास. तीन दिवस पाणी सारखं वाहू द्यायचं आणि तिसऱ्या दिवशीचं माप धरायचं. मोजायची तऱ्हा साधी होती. नळीतलं पाणी एका मोठ्या लोखंडी हौदात पडायचं, हौदाच्या एका बाजूला वरून खाली निमुळती होत गेलेली खाच होती आणि तिच्यातून पाणी बाहेर पडायचं. हौदात पाणी किती उंच उभं आहे ते आतल्या पट्टीवर बघायचं. उंच उभं असेल तर जास्त येतंय, खाली असेल तर कमी. पहिले दोन दिवस पट्टी हलेना. दीड बादली. विकासचा चेहरा पडला होता आणि त्याने माझी मुगाची खिचडीही परत पाठवली.

आता माझं ऐक. आपल्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की बाई तिची ओटी भरते. ती आई असते, तिला रिकामी ठेवत नाहीत. तुझ्या आजीने भरली, मी माहेरच्या विहिरीची भरली. इथे एवढी मोठी विहीर, कढत पाण्याची, साक्षात उनपदेवाची बहीण, आणि तिच्याभोवती सगळे पट्ट्या घेऊन उभे, हळदीचं बोटसुद्धा कोणी लावेना. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा मी घरून आणलेला हिरवा खण काढला, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं, आणि हौदाच्या कडेने कुंकू लावून ओटी पाण्यात सोडली. मनात म्हटलं, बाई, दोनशे घरं आहेत, सांभाळ. वाफ इतकी होती की खण कुठे गेला ते मलाही दिसलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी वर. दोन बादल्या, वर थोडं जास्तच. विकास नाचायचाच बाकी होता. ठाकोरभाईंनी भागळच्या मिठाईवाल्याकडून घारी मागवली, मिलमधल्या प्रत्येकाला एक. दोन बादल्या पाण्याच्या हिशेबाने बसणाऱ्या मशिनीची ऑर्डर द्यायला फोनसुद्धा हातात घेतला. आणि मी! मी तर मनात फुलून गेले होते. ओटी भरल्या भरल्या देवी पावली. कोणाला सांगावं आणि कोणाला नाही असं झालं होतं, शेवटी नानांच्या कानात सांगितलं. त्यांचा घारीचा घास तसाच थांबला. म्हणाले, "काय टाकं व्हतं तू त्यामा?" मी म्हटलं, ओटी. तर ते हौदाकडे बघत राहिले आणि त्यांनी घारी खाली ठेवली.

तिकडे शोभा मॅडम सोडून सगळे हसत होते. त्या पट्टी बघायच्या, नळीवरचं जोर दाखवणारं घड्याळ बघायच्या, पुन्हा पट्टी. नळीतला जोर तेवढाच, पाण्याची ऊब तेवढीच, मग पाणी तेवढंच यायला हवं. विहीर काही रात्रीत जेवून उठलेली नाही. चष्मा पुसत त्यांनी सगळ्यांना विचारलं, "मले सांगा, काहून वाढलं हे पाणी? हौदात कोणी काही टाकलं का?" नाना माझ्याकडे बघेनात, म्हणजे मुद्दाम आभाळाकडे बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण आपल्या मोरीच्या तोंडात बोळा अडकला की काय होतं ते मी रोज बघते. पाणी चढतं, पण म्हणून नळाला काही जास्त पाणी आलेलं नसतं. माझी देवी पावली नव्हती, माझा खण खाचेत अडकला होता.

खरं सांगते, एक क्षण वाटलं, गप्प बसावं. घारी वाटून झाल्या होत्या, आणि सगळ्यांची तोंडं इतकी गोड झाली होती. पण मग ठाकोरभाईंच्या हातातला फोन दिसला. विहीर पास म्हणून लागली असती तर निधीकडून काही आलं नसतं, मशिनी दोन बादल्यांच्या बसल्या असत्या आणि पाणी आलं असतं दीड बादली. मिल तरायच्या ऐवजी बुडाली असती, आणि तीही माझ्या हळदी-कुंकवाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पदर सावरला आणि शाळेत करायचे तसा हात वर केला. म्हटलं, मॅडम, मी विहिरीची ओटी भरली.

एका पोराने लांब आकडा घालून खाचेतून खण ओढून काढला. हिरव्याचा पिवळट झालेला, तांदूळ आतल्या आत शिजलेले. पाणी भसकन खाली गेलं आणि पट्टी पुन्हा दीड बादलीवर. मला वाटलं मॅडम आता मला फाडून खाणार. तर त्या वाळलेल्या खारकेला हसू फुटलं, आणि असं फुटलं की चष्मा साखळीवर नाचायला लागला. म्हणाल्या, इतकी वर्षं विहिरी मोजते आहे, वाळू अडकते, पालापाचोळा अडकतो, एकदा तर बेडूक अडकला होता, ओटी पहिल्यांदाच. मग लगेच तोंड नीट करून म्हणाल्या की हे माप रद्द, खण काढला म्हणून मनाने आकडा दुरुस्त करायचा नाही, तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून. ते तीन दिवस माझे कसे गेले ते विचारू नकोस. रंगखात्यातली माणसं येताजाता 'काय वहिनी, आज काय टाकलं?' म्हणायची. रुक्मिणीला इकडे लिंबायतमध्ये बसल्या बसल्या कळलं. ती दारातूनच म्हणाली, "बया, खण टाकून मिल बुडवाया निघाली व्हतीस की तू." तिच्या परभणीच्या जिभेला सुट्टी नसते, तुला माहीत आहे.

शेवटी निकाल लागला, दीड बादली. अर्धी पास. विकासला आधी वाईट वाटलं, मग मॅडमनी त्याला सांगितलं की अर्धी पास ही काही शिवी नाही, दीड बादली पाणी आहे तेवढ्यात बसणारं काम करा. निधीकडून नुकसानीचा ठरलेला वाटा येणार, ठाकोरभाई दीड बादलीला पुरेल अशीच लहान मशीन घेणार, कोळसा थोडा का होईना वाचणार आणि मिल चालू राहणार. निकालाचा कागद घेऊन ठाकोरभाई सरळ माझ्या चुलीपाशी आले आणि म्हणाले, "बेन, तमे ज मार्यो ने तमे ज बचाव्यो." मारलं मीच आणि वाचवलंही मीच, तर मी त्यांना म्हटलं, आता बसा आणि उरलेली घारी खा.

त्या दिवशी हौदातून वाहून जाणारं पाणी चरातून लांब तळ्याकडे जात होतं. तिथवर जाईपर्यंत ते अंगाला सोसेल इतकं निवायचं. काम आटोपून बघते तर नाना चराच्या कडेला शर्ट काढून बसलेले, आणि टमरेलाने खांद्यावर पाणी ओतून घेतायत. त्यांच्यामागे रंगखात्यातली चार-पाच माणसं, आपापली कंबर, मान, गुडघा घेऊन रांगेत. मी विचारलं, कसं वाटतंय. डोळे मिटूनच म्हणाले, "वर्षा दाबस ना, तसं वाटनं." परतीच्या टेम्पोत ते मिलच्या कुळकथा सांगायचे विसरले. उधना आल्यावर एकदम म्हणाले, मी पोरीला दिवाळीत चुकीचं विचारलं.

तर आता काढतेच तो विषय, आणि हे सगळं पुराण त्याच्याचसाठी लावलं होतं. दिवाळीत तू म्हणालीस, पुण्याची नोकरी सोडून लिंबायतमध्ये फिजिओथेरपीची स्वतःची जागा काढते, मागावर उभं राहून खांदे-कमरा गेलेल्या माणसांसाठी. तेव्हा नानांनी विचारलं, "चाली का नही, ते सांग पहिले." तुला सांगता आलं नाही आणि तू उठून गेलीस. बाळा, ते कोणालाच सांगता आलं नसतं. खणल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय की तुझा निधी आम्ही. पुढची खोली तुझी, नानांनी आपली खाट आजच आत ओढली आहे, आणि ओढताना खांदा पुन्हा दुखवून घेतलाय, म्हणजे पहिला पेशंट तयार आहे. पण मॅडमसारखी अट आहे. पहिलं माणूस दारात यायच्या आधी तूच लिहून पाठव, वर्षभरात किती माणसं येऊ लागली म्हणजे पास, किती आली म्हणजे अर्धी पास, आणि किती कमी आली की दार लावून पुन्हा नोकरीला जायचं. नापास झालीस तर मी आणि नाना 'सांगितलं नव्हतं का' हे शब्द जन्मात उच्चारणार नाही, आमच्या निधीतून एवढी भरपाई नक्की. माणसं मात्र आम्ही मोजणार नाही, कारण मला सदा दोन बादल्या दिसतील आणि नानांना अर्धीच. ते काम रुक्मिणीला दिलंय, ती कोणाला फुकट पास करत नाही. आता पुडी उघड. तोच खण आहे, मॅडमनी जाताना धुऊन परत दिला. तो तुझ्याबरोबर घरी घेऊन ये. ओटी मी भरणारच, पण या खेपेला माप झाल्यावर.

तुझीच, विहीर अर्धी पास करवणारी,
आई